बेहचेट रक्तवाहिन्यांत उतरतो तेव्हा: नव्याने निदान झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

माझ्या धाकट्या भावाचं तोंड वर्षातून सात-आठ वेळा यायचं. तासगाव तालुक्यातलं आमचं माहेर, घरची द्राक्षबाग, छाटणी झाली की फवारणीची गडबड. "उष्णता झालीय, जाईची पानं चघळ" एवढ्यावर विषय संपायचा. पुढे त्याच्या पायात रक्ताची गुठळी झाली. मग थुंकीतून रक्त आलं, मग डोळा लाल झाला. दर वेळी डॉक्टर वेगळा आणि फाईलही वेगळी. या सगळ्याचं नाव एकच आहे, बेहचेट, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

हा आजार आपल्याकडे विरळा. तरी ओळखीच्या ओळखीतून आजवर तीन घरांतून मला फोन आले, एक विट्याहून, दोन साताऱ्याकडून. "आक्का, आमच्या पोराला तेच सांगितलंय, आता काय करायचं?" फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती दिवस, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यापुढे काय मांडायचं आणि रात्री दोन वाजता गाडी कधी काढायची, हे घरातल्या माणसालाच कळावं लागतं.

आधी आजार समजून घ्या

हुलुसी बेहचेट हे इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ. तोंडातले फोड, गुप्तांगावरच्या जखमा आणि डोळ्यांची सूज हे तिन्ही एकाच आजाराचे भाग आहेत, असं त्यांनी १९३७ साली मांडलं. तुर्कस्तानापासून इराण, चीन, कोरिया, जपानपर्यंत, म्हणजे जुन्या रेशीम मार्गाच्या पट्ट्यात हा आजार जास्त दिसतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, एकत्र झोपल्यानं लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि स्वतःच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज आणते. रक्तवाहिन्या अंगभर आहेत, म्हणून आजारही अंगात कुठेही डोकं वर काढतो.

रक्ताच्या एखाद्या तपासणीत "बेहचेट आहे" असं छापून येत नाही. एचएलए-बी ५१ नावाची तपासणी करतात, पण ती नुसती आधाराला. निदान होतं ते लक्षणांची माळ जुळवून. वर्षात निदान तीन वेळा तोंड येणं आणि जोडीला गुप्तांगावरच्या जखमा, डोळ्यांचा त्रास, त्वचेवरचे फोड-गाठी किंवा सुई टोचल्याजागी उठणारा फोड यांपैकी दोन गोष्टी, असा जुना ठोकताळा आहे. नंतरच्या निकषांत रक्तवाहिन्या आणि मेंदूचा त्रासही धरतात. माळ जुळवायची तर सगळे मणी डॉक्टरांसमोर यायला हवेत. आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

पहिलं काम: सगळं एका कागदावर

कुणी चांगला डॉक्टर शोधण्याआधी हे करा. वहीचं एक पान घ्या. गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय झालं, साधारण कोणत्या महिन्यात, किती दिवस टिकलं, सगळं लिहा. महिना आठवत नसेल तर आपल्या खुणा वापरा: यात्रेच्या आधी, छाटणीच्या वेळी, भाचीच्या लग्नात. आम्ही तसंच केलं आणि पान दोन्ही बाजूंनी भरलं.

तोंडाबद्दल लिहिताना एक फरक जपा. बेहचेटचे फोड येतात, आठवड्या-दोन आठवड्यांत, फार तर तीन आठवड्यांत भरतात आणि पुन्हा नव्या जागी उठतात. एकाच जागची जखम तीन आठवड्यांनीही भरत नसेल, त्यातून घरात तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर ती वेगळी गोष्ट. ती कॅन्सरसाठी लगेच तपासून घ्या. आणि ज्याचं वर्षातून एकदा-दोनदा तोंड येतं त्यानं हे वाचून धास्ती घेऊ नये. तोंड येणारे घरोघर आहेत, बेहचेट असणारे फार थोडे.

गुप्तांगावरच्या जखमेबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. माझा भाऊही बोलला नाही. आईला सांगणं शक्य नव्हतं, मला तर नाहीच. शेवटी त्यानं माझ्या नवऱ्याला, त्याच्या दाजींना, मोटारसायकलवरून जाताना पाठीमागून सांगितलं: "दाजी, खालीपण जखम होते. दोनदा झाली, व्रण राहिलाय." डॉक्टरांच्या दृष्टीनं हे वाक्य सोन्यासारखं होतं, कारण तोंडाची जखम बहुधा खूण ठेवत नाही, तिथली ठेवते. तुमच्या घरातही कुणीतरी दाजी, वहिनी, मित्र असेल. त्यांच्यावर हे काम सोपवा. हा बाहेरून आलेला रोग नाही, हे रुग्णाला आधी सांगा म्हणजे तो मोकळा होईल.

आणखी एक बारीक गोष्ट. रक्त काढलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोपराच्या घडीत, बरोबर सुईच्या जागी, पिवळ्या टोकाची पुटकुळी यायची. मोहरीच्या दाण्याएवढी, भोवती लाल कडं. आम्ही म्हणायचो, सुई खराब असणार. ती सुईची चूक नव्हती. या आजारात कातडीला साधी टोच लागली तरी शरीर असं पेटून उठतं, आणि डॉक्टर मुद्दाम सुई टोचून ४८ तासांनी ती जागा बघतात. असं काही दिसलं तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तोंडातल्या फोडांचेही काढा, कारण भेटीची तारीख येईपर्यंत ते भरलेले असतात.

रक्तवाहिन्यांत नेमकं काय होतं

बेहचेट झालेल्या प्रत्येकाला हा त्रास होत नाही. होतो त्यांत तरुण पुरुष जास्त, आणि बहुतेकदा आजाराच्या पहिल्या काही वर्षांतच. म्हणून विशी-तिशीतल्या मुलाला निदान झालं की मी घरच्यांना फोनवर दोनदा बजावते: सुरुवातीची वर्षं डोळ्यांत तेल घालून काढा.

आपल्या शिरा दोन प्रकारच्या. हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या त्या नीला, हृदयाकडून ठोक्यासरशी रक्त नेणाऱ्या त्या धमन्या. बेहचेट दोन्हींत शिरतो, नीलांत जास्त. नीलेच्या भिंतीला सूज आली की आत गुठळी धरते. धमनीची भिंत सुजून कमजोर झाली की ती फुग्यासारखी फुगते, आणि फुगा फुटू शकतो.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नेहमीची गुठळी रक्त घट्ट झाल्यानं किंवा फार दिवस पडून राहिल्यानं होते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी देतात. बेहचेटची गुठळी भिंत जळत असल्यामुळे होते. ती त्या सुजलेल्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते, म्हणून सुटून फुप्फुसात जाण्याचं प्रमाण कमी. भिंतीची आग शमवल्याशिवाय नुसतं रक्त पातळ केलं तर गुठळी पुन्हा धरते. आणि त्याच वेळी फुप्फुसाच्या धमनीत फुगा असेल तर पातळ रक्त जिवावर बेतू शकतं.

पाय

सगळ्यात जास्त सापडते ती पायातली गुठळी. भाऊ छाटणीच्या दिवशी सकाळी गमबूट घालत होता. उजवा गेला, डावा चढेना. आदल्या दिवशी त्याच बुटात दिवसभर काम केलेलं. आईनं मिठाच्या पाण्याचा शेक दिला, संध्याकाळी पोटरी दगडासारखी घट्ट.

एकच पाय सुजला तर शिवणाची टेप घ्या. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. फरक कमी असला तरी पाय दुखत-तापत असेल तर दाखवाच. तेल लावून रगडू नका, कुणाला चोळायला देऊ नका.

वरवरच्या शिरेतही गुठळी धरते. कातडीखाली सुतळीसारखी कडक, दुखरी रेघ हाताला लागते, कधी सलाईन लावलेल्या हातावर. "सलाईननं शीर सुजली" म्हणून सोडून देऊ नका, कागदावर लिहा. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येऊन जात असतील तर त्याही लिहा.

डोकं, पोट, गळा

यांबद्दल थोडक्यात सांगते, आमच्या घरी हे झालं नाही. डोक्यातल्या नीलेत गुठळी झाली तर डोकेदुखी दिवसेंदिवस वाढते, आडवं झाल्यावर जास्त होते, उलट्या होतात, धूसर किंवा दोन-दोन दिसतं. बेहचेट आहे हे माहीत असताना अशी डोकेदुखी पित्तावर ढकलू नका. यासाठी शिरांचा एमआरआय लागतो.

यकृताच्या नीला बंद झाल्या तर उजव्या कुशीत दुखतं आणि पोटात पाणी भरतं. पोट पुढे आलेला तरुण माणूस दिसला की लोक आधी दारूचा संशय घेतात आणि इलाज लांबतो. ही गुंतागुंत फार गंभीर, आठवडाभरही थांबायची नाही. छातीतली मोठी नीला तुंबली तर चेहरा-मान सुजते, छातीवर शिरांचं जाळं दिसू लागतं.

धमनीचा फुगा पोटात, मांडीच्या सांध्यात, गुडघ्यामागे, मानेतही होऊ शकतो. हाताला ठोका लागणारी गाठ ही त्याची खूण. अशी गाठ दाबू नका, आणि गळू समजून कुणाला चिरा देऊ देऊ नका. पोटात खोल धडधड आणि पाठीत नवी कळ असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

छाती: इथे थांबायचं नाही

आपल्याकडे थुंकीत रक्त म्हटलं की पहिलं नाव टीबीचं येतं, आणि ते चुकीचंही नाही. टीबी भरपूर आहे, तपासायलाच हवा. पण थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, पायात आधी गुठळी होऊन गेलीय, तोंड सारखं येतं, तर तिथे थांबून विचार व्हायला हवा. आमच्याकडे तो झाला नाही. पायासाठी रक्त पातळ करायची गोळी चालूच, वरून टीबीची औषधं सुरू. सहा आठवडे असेच गेले. पांढऱ्या रुमालावर रुपयाएवढा लाल डाग, मग दोन दिवस काही नाही, मग पुन्हा डाग. मधल्या कोरड्या दिवसांनी आम्हाला फसवलं.

उलगडा झाला तो वेगळ्याच कारणानं. डोळा लाल झाला, धूसर दिसू लागलं म्हणून त्याला मिरजेला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिव्यातून पाहिलं, मागे सरकल्या आणि विचारलं, "तोंड येतं का रे तुझं?" त्या प्रश्नानंतर दोन दिवसांत छातीची सीटी अँजिओग्राफी झाली. उजव्या फुप्फुसाच्या धमनीवर फुगा होता. रक्त पातळ करायची गोळी त्याच दिवशी बंद झाली.

फुप्फुसातला फुगा असणाऱ्या बऱ्याच जणांच्या पायात किंवा दुसऱ्या नीलेत गुठळी आधी झालेली असते. म्हणून बेहचेटच्या माणसाला पायात गुठळी सापडली की नम्रपणे, पण नक्की विचारा: "डॉक्टर, रक्त पातळ करायची गोळी देण्याआधी छातीत फुगा नाही ना, हे बघून घ्यायचं का?"

आणि थुंकीतून रक्त आलंच तर:

थेंबभर असो की कपभर, उद्यावर टाकू नका. जास्त येत असेल तर १०८ ला फोन करा. माणसाला बसवा, रक्त गिळायला लावू नका, थुंकायला भांडं द्या. काही खायला-प्यायला देऊ नका. रक्त पातळ करायची पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. आणि दारातच "बेहचेट आहे, फुप्फुसाच्या धमनीत फुगा असू शकतो" हे वाक्य सांगा. रात्री सीटी स्कॅन कुठे चालू असतं हे निवांत दिवशी फोन करून विचारून ठेवा, ऐनवेळी शोधत बसू नका.

कुणाला दाखवायचं

मुख्य डॉक्टर संधिवाततज्ज्ञ. नाव ऐकून लोक गोंधळतात, सांधे दुखत नाहीत तर संधिवात कसा म्हणून. प्रतिकारशक्ती बिथरण्याचे बरेचसे आजार तेच बघतात. आपल्या भागातून यासाठी बहुतेकदा कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागतं. पण दर वेळी तिकडे धावायची गरज नाही. गावाजवळ एक फिजिशियन आणि एक डोळ्यांचे डॉक्टर बांधून ठेवा. सांगली-मिरजेकडच्यांना शासकीय रुग्णालयं आहेत, कऱ्हाडला आणि साताऱ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मिरजेत तर १८९४ पासून मिशन हॉस्पिटलच्या निमित्तानं लांबलांबचे रुग्ण येत आलेत. तिन्ही डॉक्टरांची पत्रं एकाच फाईलमध्ये, तारखेनुसार लावा. डोळा लाल नसला तरी ठरल्या वेळी तपासा, मागचा पडदा सुजला तर नजर कायमची जाऊ शकते.

उपचार चालू असताना

भिंतीची आग शमवायला स्टेरॉइड देतात, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. पायातल्या गुठळीसाठी बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन, फुप्फुसातल्या फुग्यासाठी जास्त मात्रेत स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइडची सलाईन, त्यानं भागलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन. औषधांनी फुगा आकसू शकतो. भावाचा सहा महिन्यांत बराच आकसला. तो रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले होते, आणि गाडीतळावर उभी राहून तो तीनदा वाचला.

स्टेरॉइड एकदम बंद करू नका, चेहरा सुजला तरी, कुणी "ती गोळी वाईट" म्हटलं तरी. ती पायरी-पायरीनंच उतरवतात. अ‍ॅझाथायोप्रिनचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर रक्तपेशींची आणि यकृताची तपासणी सांगितल्या दिवशी करा. घरात कुणाच्या युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल असेल तर ती गोळी या माणसाच्या हाती लागू देऊ नका, दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तपेशी धोकादायक खाली येतात. सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही. मूल होण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. लग्न न झालेल्या मुलासाठी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल पहिल्या सलाईनच्या आधीच विचारा. हा प्रश्न आमच्या घरात कुणी उच्चारणारं नव्हतं, तोही दाजींनीच विचारला.

या औषधांत दबलेला टीबी उठू शकतो. इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतातच. ताप १००च्या वर गेला तर घरची पॅरासिटामॉल देऊन बसू नका, डॉक्टरांना कळवा. बायकांनी एक लक्षात ठेवावं: सणवाराला पाळी पुढे ढकलायच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो. विचारल्याशिवाय नकोत.

फुग्याचं ऑपरेशन लागलंच तर आधी औषधांनी सूज खाली आणतात. भिंत पेटलेली असताना टाके घातले तर त्या जोडावर नवा फुगा येऊ शकतो. ऑपरेशन टळण्यासारखं नसेल तेव्हा गोष्ट वेगळी, पण वेळ असेल तर सर्जन आणि संधिवाततज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. तुम्हीच फोन लावून द्या.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ठरलेल्याच उपचारांना आणि योजनेतल्याच रुग्णालयांत. रेशन कार्ड, आधार घेऊन ॲडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र आम्हाला खिशातूनच करावा लागला. जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा.

खिशातली चिठ्ठी

हे आजच करा. जाड कागदावर, बॉलपेननं, मोठ्या अक्षरांत. भावाच्या चिठ्ठीवर असं लिहिलंय:

"मला बेहचेट आजार आहे. पायात गुठळी झाली होती. उजव्या फुप्फुसाच्या धमनीत फुगा होता. मी स्टेरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन घेतो, मात्रा मागे लिहिली आहे. धमनीत सुई टोचणं टाळता येत असेल तर टाळा, तिथे फुगा होऊ शकतो. रक्त पातळ करायचं औषध देण्याआधी माझ्या डॉक्टरांशी बोला. शुद्धीवर नसलो तर आक्काला फोन करा."

खाली माझा नंबर. मागच्या बाजूला गोळ्यांची मात्रा पेन्सिलीनं, कारण ती बदलते. मोबाईलच्या कव्हरमध्ये, आधार कार्डाच्या मागे ती असते. फवारणीला जाताना मोबाईल घरी राहतो, म्हणून दुसरी प्रत त्यानं ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय.